आईला गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पण हृदय कमजोर म्हणून ऑपरेशन करता येणार नाही म्हणतात. आतून लाइट देण्याचा उपयोग होतो का? खर्च किती येतो?

आतून लाइट, म्हणजे पिशवीच्या (गर्भाशयाच्या) आतून दिलेलं रेडिएशन. त्याचा उपयोग होतो. "ऑपरेशन नाही म्हणजे आता काही उरलं नाही" असं जो नातेवाईक सांगत असेल, त्याला आधी गप्प बसवा. आमच्याकडे असे फाटे फोडायचं काम थोरल्या दिरांनी अंगावर घेतलं होतं.

सासूबाईंची पाळी जाऊन जमाना झाला होता आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. क्युरेटिंग केलं, कॅन्सर निघाला, पण पिशवीतच होता. वजन शंभरी पार, शुगर, हृदयाचं पंपिंग तीस टक्के. भूलतज्ज्ञांनी हात जोडले. रेडिएशनच्या डॉक्टर म्हणाल्या, आतून लाइट देऊ. दीर म्हणाले, म्हातारीला भाजून काढायचंय का? कुठल्याशा सर्जनचं "घेऊ टेबलवर, बघू" त्यांना जास्त पटलेलं. घरात रोज भांडणं, आणि जिची पिशवी तिला कोणी विचारेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "मला टेबलावर मरायचं नाही. त्या लाइटवाल्या बाईंकडे चला."

भाजत वगैरे काही नाही. कमरेतून भूल किंवा नुसती गुंगी देऊन पिशवीत बारीक नळ्या बसवतात (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा). नळ्या आत असतानाच एमआरआय किंवा सीटी काढतात. त्यावर गाठ, मूत्राशय, गुदाशय, आतडी आखून कुठे किती डोस जाईल ते ठरतं. मग इरिडियम या किरणोत्सर्गी धातूचा इवलासा दाणा मशीनमधून तारेने नळीत जातो, जागोजागी काही सेकंद थांबतो आणि परत मशीनमध्ये येतो. अंगात काही उरत नाही, नातवंडांना खुशाल जवळ घ्या. दिरांनी तोही मुद्दा काढला होता! असं एकदाच नाही, काही खेपा करतात, बऱ्याचदा आधी पाचेक आठवडे बाहेरून लाइट देऊन.

डॉक्टरांना एक विचाराच: नळी एक की दोन? आपल्याकडे बहुतेकांचा हात बसलाय तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर, तिथे पिशवीत एकच नळी जाते. पिशवीचा कॅन्सर वरच्या रुंद भागात असतो. पिशवी मोठी असेल तर एका नळीचा डोस वरच्या कोपऱ्यांपर्यंत पुरत नाही, म्हणून दोन घालतात. यावर धड उत्तर मिळालं नाही तर दुसरं सेंटर बघा.

हो, हे सगळं आजार पिशवीपुरता असेल तर. बाहेर पसरला असेल तर हिशेब वेगळा. आणि ऑपरेशन झेपणाऱ्या बाईने पहिलं ऑपरेशनच करावं, त्यात वाद नाही.

सासूबाईंना लघवीला जळजळ झाली, जुलाब झाले, पण रक्त जायचं थांबलं. काही वर्षांनी गेल्या त्या हार्टने. अशा बायका कॅन्सरपेक्षा हृदयानेच जास्त जातात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, तरी दीर आजही "लाइटनेच गेली" म्हणतात. तुम्ही आईलाच विचारा, मामा-काकांना नको.

खर्च हॉस्पिटलागणिक वेगळा. जनआरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड घेऊन जा.