फिट येतात म्हणून मुलीला पुण्याला पाठवू नये का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलीला सीईटीत चांगले मार्क आहेत, पुण्यात बी. फार्म.ला नंबर लागेल असं दिसतंय, पण आठवीपासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत, शेवटची फिट मागच्या दिवाळीत आली, आणि तुम्ही म्हणताय की तालुक्यालाच बीएस्सी करू दे, डोळ्यासमोर राहील, आणि तिथेही कुणाला कळायला नको कारण उद्या लग्नाचं बघायचंय.

आधी कोर्सचं सांगते. बी. फार्म. तिला जमेल. लॅबमध्ये एकटीने थांबायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि पुढे नोकरी बघताना नाइट शिफ्ट टाळायची कारण जागरण झालं की फिट येण्याची शक्यता वाढते. क्वालिटी कंट्रोल (औषधांची तपासणी), रेग्युलेटरी (औषधांच्या सरकारी मंजुरीचं काम) अशी दिवसाची कामं या क्षेत्रात आहेत. तरी न्यूरोलॉजिस्टशी एकदा बोलून घ्या.

मला काळजी वाटते ती लपवण्याची. लपवायचं म्हटलं की गोळीही लपून घ्यावी लागते, रूममेट समोर बसलीय म्हणून नंतर घेऊ म्हणते आणि डोस चुकतो, आणि डोस चुकणं हे फिट येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. आणि डोळ्यासमोर म्हणाल तर घरी राहूनही ती एसटीत, वर्गात, मैत्रिणींबरोबरच असणार ना दिवसभर? तिथे कुणालाच माहीत नसेल तर लोक कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, दातात चमचा घालतात. तेच रूममेटला माहीत असेल तर ती हिला कुशीवर वळवेल, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवेल, तोंडात काही घालणार नाही, हातपाय दाबून धरणार नाही, घड्याळ बघेल आणि 5 मिनिटांत फिट थांबली नाही किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर 108ला फोन करेल. एवढं कुणालाही शिकता येतं हो.

सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. रूममेट, प्रॅक्टिकलची पार्टनर, रेक्टर मॅडम आणि एक शिक्षक, बास. पण कुणाला आणि कसं सांगायचं हे तिलाच ठरवू दे आणि तिलाच बोलू दे, आईने परस्पर रेक्टरला सांगितलं की मुलींना फार लागतं ते. शिवाय पुण्यात संवेदना फाउंडेशनचा एपिलेप्सी (म्हणजे फिट येण्याचा हाच आजार) सपोर्ट ग्रुप आहे, तिथे तिला हेच सगळं सोसून नोकरी-संसार करणारी माणसं भेटतील. तुम्हीही जा तिच्याबरोबर, पत्रावरून वाटतं इतकी वर्षं तुम्ही हे कुणाशीच बोलला नाहीत.

लग्नाचं म्हणाल तर 1955च्या हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी ही लग्नातली अडचण म्हणून लिहिलेली होती, ती 1999 मध्ये काढून टाकली. सांगून केलेलं लग्नच तिच्या तब्येतीला बरं, कारण सासरी गोळी उघडपणे घेता येईल.

ॲडमिशनला जायच्या आधी न्यूरोलॉजिस्टकडून एका पानावर गोळ्यांची नावं, डोस आणि फिट आली तर काय करायचं ते लिहून घ्या. एक कॉपी रेक्टरकडे, एक तिच्या पर्समध्ये. खालचाच बेड मागा, आणि बाथरूमला आतून कडी लावायची नाही हे रूममेटशी पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायला सांगा.