वाचकांचे प्रश्न : संगणकाच्या पडद्यावरचा बरगा

प्रश्न : मी कोल्हापुरात बारावीत शिकतो. ‘द पावडर टॉय’ या संगणकीय खेळात वाळू, पाणी, वायू, धातू अशा दीडशेहून अधिक घटकांचे कण पडद्यावर सोडून त्यांचे एकमेकांवरील परिणाम पाहता येतात. त्यांतले काही घटक विजेने चालू-बंद होतात. परंतु चालू केल्यावर पाण्याला वाट देणारा आणि बंद केल्यावर अडवणारा, बंधाऱ्याच्या बरग्यासारखा (खाचेत घालायच्या फळीसारखा) घटक मला सापडला नाही. तो किती दाबापर्यंत टिकेल हे त्याच्या तापमानावरून ठरावे, अशी माझी कल्पना आहे. हा घटक सुचवताना प्रस्तावात काय लिहावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बरग्याची उपमा कोल्हापूरकरालाच सुचावी अशी आहे, आणि ती प्रस्तावात जशीच्या तशी वापरण्याजोगीही आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर खांबांच्या खाचांमध्ये बरगे घालतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढून घेतात; म्हणजे माणसाने एकदा दिलेली स्थिती पुन्हा हात लागेपर्यंत तशीच राहते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचे तसे नाही. तलाव काठोकाठ भरला की ते पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. या दुसऱ्या जातीचा दरवाजा खेळात आधीपासून आहे : आयएनव्हीएस नावाचा घटक भोवतालचा दाब ४ च्या पुढे गेला की कणांना आपल्यातून आरपार जाऊ देतो. तुम्हाला हवा आहे तो पहिल्या जातीचा, आणि हा फरक प्रस्तावाच्या पहिल्याच वाक्यात आला नाही, तर वाचणारा ‘हे तर आहेच’ असे म्हणून पुढे जाईल.

तो दुसरी एक हरकतही घेईल. खेळात ई-वॉल ही भिंत आहे आणि वीज मिळाली की ती कणांना मोकळी वाट देते. मग नवा घटक कशासाठी? याचे उत्तर तुमच्याकडे तयार हवे. भिंत ४ × ४ ठिपक्यांच्या ठोकळ्यांनीच रचता येते, तिला स्वतःचे तापमान नसते आणि वीज थांबली की ती थोड्याच वेळात पूर्ववत बंद होते. तुमचा बरगा एका ठिपक्याइतका बारीक असेल, तापेल, वितळेल आणि दिलेली स्थिती धरून ठेवेल. माझ्या मते प्रस्तावाचे सगळे बळ या तुलनेत आहे, म्हणून तिच्यावर पुरेशी जागा खर्च करावी आणि शक्य असल्यास ई-वॉलने जे करता येत नाही असे एखादे छोटे यंत्र रचून सोबत द्यावे.

चालू-बंद करण्याची पद्धत मात्र नव्याने शोधू नये. पीसीएलएन (कणांच्या प्रती काढणारा), पीव्हीओडी (कण गिळून टाकणारा), एचएसडब्ल्यूसी (उष्णता वाहू देणारा), पंप (दाब निर्माण करणारा) हे सगळे घटक पीएससीएन या पी-प्रकारच्या सिलिकॉनमधून विजेची ठिणगी आली की चालू होतात आणि एनएससीएन या एन-प्रकारच्या सिलिकॉनमधून आली की बंद होतात. चालू कणाच्या ‘लाइफ’ या नोंदीत १० हा आकडा असतो. बंद करताना तो ९ होतो आणि उतरत उतरत शून्यावर येतो. शिवाय ही स्थिती शेजारच्या सजातीय कणांत पसरत जाते, त्यामुळे रांगेच्या एका टोकाला ठिणगी दिली तरी सगळी रांग उघडते. खेळणाऱ्यांच्या हाताला हीच सवय आहे.

आता तापमानाविषयी. ही कल्पना तुम्ही पंपावरून घेतली असावी, कारण तो चालू असताना आपल्या तापमानाच्या आकड्याइतका दाब निर्माण करतो. पण पंपाला हे जमते ते तो उष्णता वाहून नेत नाही म्हणून. शेजारी बर्फ असो वा लाव्हा, त्याचा आकडा ढळत नाही. बरग्याला तसेच केले तर तो तापणार नाही आणि वितळणारही नाही, म्हणजे भिंतीहून वेगळा ठरण्याचे एक कारण आपणच घालवून बसू; आणि उष्णता वाहू दिली तर पहिल्याच पाण्याने तो निवेल व तुम्ही ठरवलेली मर्यादा पुसली जाईल. त्यातच खेळातला दाब हा हवेचा दाब आहे. तो उणे २५६ ते अधिक २५६ एवढ्या मर्यादेत फिरतो, पण पाणी कितीही उंच रचले तरी तळाच्या बरग्यावर त्याचा रेटा येत नाही. तेव्हा दाबाची मर्यादा सरळ गाळावी, असे मी सुचवेन.

तुमच्या पत्रात नसलेला, पण सर्वांत अवघड असलेला प्रश्न पुढचा आहे. बरगा उघडा असताना पाण्याचा कण त्याच्याच जागेतून जात असतो. नेमक्या त्या क्षणी बंद करण्याची ठिणगी आली तर आत असलेल्या कणाचे काय करायचे? खाचेत दगड किंवा ओंडका अडकला तर बरगा नीट बसत नाही आणि पाणी झिरपत राहते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. पडद्यावरही तसेच आहे, कारण खेळ एका ठिपक्यावर साधारणपणे एकच कण धरून चालतो. आतला कण नष्ट करणे सोपे आहे, पण मग प्रत्येक वेळी बंद करताना थोडे पाणी नाहीसे होईल आणि बरगा म्हणजे पीव्हीओडीचा चुलतभाऊ होऊन बसेल. जागा रिकामी होईपर्यंत उघडेच राहायचे म्हटले, तर वाहत्या पाण्यात ती कधी रिकामी होणारच नाही. यावर तोडगा त्या उतरत्या आकड्यातच आहे : ‘लाइफ’ ९ झाल्याबरोबर नव्या कणांना मज्जाव करावा, आत असलेल्यांना बाहेर पडू द्यावे आणि जागा मोकळी झाल्यावरच शून्याला जावे. प्रस्तावात हा परिच्छेद असेल, तर लिहिणाऱ्याने विचार केला आहे हे चटकन कळते.

शेवटी एक व्यावहारिक बाब. खेळाचा कोड खुला आहे, सी प्लस प्लसमध्ये आहे आणि त्यात प्रत्येक घटकाची स्वतंत्र फाइल असते. पण कोणता कण कशातून जाऊ शकतो हे नियम एका मध्यवर्ती ठिकाणी आहेत. तिथे हात घालायचा म्हटले की सांभाळणारी मंडळी साहजिकच जपून वागतात. म्हणून आधी खेळात चालणाऱ्या लुआ या प्रोग्रामिंग भाषेत नमुना करावा. तिथे ‘कॅनमूव्ह’ या आज्ञेने दोन घटकांमधला नियम बदलता येतो, परंतु तो संपूर्ण घटकाला लागू होतो, एकेका कणाच्या स्थितीला नाही. यातून वाट अशी की ‘उघडा बरगा’ आणि ‘बंद बरगा’ असे दोन वेगळे घटक करावेत आणि ठिणगी आली की एकाचे रूपांतर दुसऱ्यात करावे. हे जुगाड आहे हे कबूल, परंतु दाखवण्यापुरते ते चालते.

प्रश्न : याच घटकाचे नाव ‘बरगा’ असेच ठेवता येईल का?
– तोच वाचक

उत्तर : खेळातली नावे बहुधा चार रोमन अक्षरांची असतात, बी, आर, जी, ए ही चार त्यात नेमकी बसतात. अर्थ न कळणाऱ्यांसाठी वर्णनाच्या ओळीत ‘विजेने उघडणारी-मिटणारी फळी’ एवढे इंग्रजीत लिहावे.