पॅड की कापड? आधी दाराची कडी पाहा

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, पाळी सुरू होऊन वर्ष झालं. त्या दिवसांत मांड्यांमध्ये लाल पुरळ येतं, चालताना चरचरतं. सासूबाई म्हणतात, पॅडनंच झालं, कापड वापरू दे. मी जंतुनाशक टाकलेल्या पाण्यानं धुवायला लावते, वरून पावडर लावते, तरी कमी नाही. पॅड बंद करू का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी लेकीला विचारा, शाळेत पॅड कितीदा बदलतेस? अशाच तक्रारीसाठी आलेल्या एका पोरीला मी हे विचारलं, तर ती आईकडेच पाहत बसली. मग म्हणाली, "मॅडम, बाथरूमची कडीच नाही हो लागत. मैत्रीण दार धरते, पण रोज रोज कोणाला म्हणू?" सकाळी साडेसहाला लावलेलं पॅड दुपारी दीडला घरी येऊन निघायचं. दप्तरातली बाटली बाहेर काढायला लावली, तर काठोकाठ भरलेली. जावंच लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही!

ओलावा, घाम आणि घासणं, पुरळ बहुतेकदा यातूनच येतं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचंच, भरलेलं नसलं तरी. जंतुनाशक आणि पावडर आजपासून बंद. त्यांनी कातडी आणखी चिडते. साधं पाणी, पुढून मागे धुणं, कोरडं पुसणं, सुती चड्डी. सुगंधी पॅड नको.

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही. स्वच्छ सुती कापड चालतं. पण ते वाळतं कुठे? आमच्या घरी ते न्हाणीतल्या दोरीवर, लुगड्याखाली दडवलेलं असायचं. कुबट वास अजून आठवतो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन पडतं, गच्चीवर कुरड्या-पापड ऐटीत वाळतात, आणि हे फडकं तेवढं अंधारात! थंड पाण्यात भिजवून साबणानं धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. पावसाळ्यात वाळत नसेल तर पॅडच बरं. परवडत नाही म्हणून एकच पुरवून वापरत असेल, तर जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला मिळतं. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही.

आठवड्यात पुरळ गेलं नाही, घाण वास येणारं पाणी जायला लागलं किंवा लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तस्राव सात दिवसांपुढे गेला किंवा तासाला पॅड भिजायला लागलं, तर लगेच. हिमोग्लोबिन तपासून घ्या. विदर्भात सिकलसेलचीही, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घेतलेली बरी.

आता कडी. शाळेला अर्ज जरूर द्या, पण त्यावर सह्या होईपर्यंत चार पाळ्या येऊन जातील. त्या पोरीची आई इतवारीतून कडी आणि चार स्क्रू घेऊन शाळेत गेली, आणि शिपायाकडून समोर उभं राहून बसवून घेतली.