गोल्फची टी कुठली, पांढरी की लाल?

प्रश्न : दीड वर्ष पुण्यात गोल्फ खेळतोय, वय ५२. ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) २२० यार्ड जातो. आमचा ग्रुप पांढऱ्या टीवरून (टी म्हणजे होल जिथून सुरू करतात ती जागा; इथून कोर्सची लांबी ६,२०० यार्ड) खेळतो, म्हणून मीही. पण पार-४ वर (चार फटक्यांत पुरं करायच्या होलवर) दोन फटक्यांत ग्रीन (भोकाभोवतीची कातरलेली हिरवळ) गाठणं जमतच नाही. पुढच्या लाल टीवर गेलो तर ‘लेडीज टी’ म्हणून चेष्टा होते. काय करावं?

उत्तर : २२० हा बहुधा तुमच्या लक्षात राहिलेला फटका आहे, सरासरी नव्हे. ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब मारायच्या स्टिकच्या) सरासरी अंतराला २८ने गुणलं की झेपणाऱ्या कोर्सची लांबी ढोबळमानाने मिळते. २२० × २८ = ६,१६०, म्हणजे कागदावर पांढरी टी तुम्हाला चपखल बसते. गोची तिथेच आहे.

सपाट होलवर १० ड्राइव्ह मोजा. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नको, तिथले झिजलेले बॉल कमी जातात. सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन सोडून उरलेल्या सहांची सरासरी काढा. (बॅग वाहणाऱ्या कॅडीला विचारलंत तर तो न मोजताच खरा आकडा सांगेल.) समजा १९० आली, तर लांबी ५,३२०. पडताळा ५ नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या धातूच्या स्टिकने) घ्या : त्याचं अंतर गुणिले ३६. १४५ यार्ड असेल तर ५,२२०. दोन्ही आकडे जवळ आले की स्कोअरकार्डावर त्या लांबीची टी शोधा. रंगाकडे बघू नका, रंगांचा काही नियम नाही.

फरक कुठे पडतो? ३९० यार्डांच्या पार-४ वर १९० मारल्यावर २०० उरतात. तुम्ही ३ वूड (ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारी स्टिक) काढता, बॉल ग्रीनपुढच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). तेच होल पुढच्या टीवरून ३३० असेल तर उरतात १४०, हातात ५ नंबरचं आयर्न.

पावसाळ्यात हिशोब पुन्हा करा. फेअरवे (टी ते ग्रीनमधला गवताचा पट्टा) भिजलेला असला की बॉल पडतो तिथेच रुततो. रोलचे (बॉल घरंगळण्याचे) १५ यार्ड गेले तरी १७५ × २८ = ४,९००; म्हणजे आणखी एक टी पुढे.

प्रश्न : मी पुढून आणि मित्र मागून खेळलो, तर सामना बरोबरीचा कसा?

उत्तर : प्रत्येकाला सवलतीचे फटके, म्हणजे कोर्स हँडिकॅप, मिळतात : हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा) × स्लोप ÷ ११३, अधिक (कोर्स रेटिंग वजा पार). स्लोप आणि रेटिंग हे त्या टीवरून कोर्स किती अवघड आहे ते सांगणारे आकडे. इंडेक्स २४, पार ७२ धरू. पांढऱ्या टीचं रेटिंग ७१.०, स्लोप १२८ असेल तर कोर्स हँडिकॅप २६. लाल टीचं ६६.५ आणि ११८ असेल तर २०. पुढे गेलात की सहा फटके कमी मिळतात, त्यामुळे चेष्टा करणाऱ्यांना तक्रारीला जागा नाही. मात्र एकाच टीला पुरुषांचं आणि स्त्रियांचं रेटिंग वेगळं असतं. कार्डावर पुरुषांची ओळ वाचा. स्पर्धेत टी आयोजक ठरवतात. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) चुकीच्या टीवरून मारलंत तर दोन फटक्यांचा दंड, आणि योग्य टीवरून पुन्हा मारावं लागतं. तसं न करता पुढचं होल सुरू केलंत, तर बाद.