सोसायटीच्या सभेला विधानसभेचे नियम लावता येतात का?

नाही. जुळे सोलापुरातील आपल्या ३६ सभासदांच्या सोसायटीसाठी विधानसभेचे नियमपुस्तक आधार धरावे का, असे आपण विचारले आहे. ते नियम विधानसभा संविधानाच्या अनुच्छेद २०८ नुसार स्वतःच्या कामकाजासाठी करते. सोसायटी बांधील असते ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपल्या उपविधींना, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नोंदणीकृत नियमांना.

गणपूर्तीचेच, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीचेच पाहा. २८८ सदस्यांच्या विधानसभेत एक-दशांश, म्हणजे २९ जण पुरतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार मात्र दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी कमी असेल ती संख्या, म्हणजे आपल्याकडे २० सभासद लागतात, आणि ते अर्ध्या तासात न जमल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट उरत नाही. अनेक वाद इथेच पेटतात, म्हणून तहकुबीची वेळ इतिवृत्तात अवश्य लिहा.

सभा चालवण्याची पद्धत समजून घ्यायची तर दुसरे पुस्तक आहे. अमेरिकी लष्करातील अभियंता हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या पुस्तकात तिथल्या प्रतिनिधिगृहाची पद्धत सामान्य संस्थांना झेपेल अशी मांडली. सूचना, अनुमोदन, दुरुस्ती, मतदान हा क्रम समजण्यासाठी ते पुस्तक माझ्या मते उत्तम आहे. परंतु उपविधी जिथे काही सांगत नाहीत, तेवढ्यापुरताच त्याचा आधार घ्यावा.