तारणाची तारीख आठवत नाही, मग?

तारण, म्हणजे पापातून सुटका, आणि नवा जन्म, म्हणजे विश्वासाने होणारा आतला पालट, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरे.

प्रश्न : ख्रिस्ती घरात जन्मलो, बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. आता प्रार्थनासभेत विचारतात, "तुमचं तारण कोणत्या दिवशी झालं?" मला तारीख सांगता येत नाही. – एक वाचक, वसई

आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि मग प्रेषित झालेल्या पौलाला तारीख होती. दिमिष्काची वाट, डोळे दिपवणारा प्रकाश, तीन दिवसांचे आंधळेपण. पण आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना हाच पौल एवढेच म्हणतो की, जो विश्वास तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता तोच तुझ्यातही आहे. घरातच रुजलेला विश्वास, तारीखवार नाही.

आणि ज्याला येशूने नव्या जन्माची गोष्ट सांगितली, त्या निकदेम या यहूदी पुढाऱ्याचे काय झाले? योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तो रात्री येतो, प्रश्न विचारतो आणि दिसेनासा होतो. सातव्या अध्यायात पुढाऱ्यांच्या सभेत येशूबद्दल बेताने विचारतो की, माणसाचे ऐकून न घेता त्याला दोषी ठरवायचे का? एकोणिसाव्यात बहुतेक शिष्य पांगलेले असताना तो येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो, शंभर रत्तल, म्हणजे तीस किलोंहून जास्त. एवढे ओझे लपवून आणता येत नाही. यांपैकी त्याचा नवा जन्म कोणत्या दिवशीचा? पुढच्या सभेत तुम्हीच विचारून बघा.

प्रश्न : तारण कृपेने फुकट मिळते, तर चांगली कामे कशाला? पौल म्हणतो तारण विश्वासाने, याकोब म्हणतो कृतींशिवाय विश्वास मेलेला. – एक विद्यार्थी, पुणे

मार्टिन ल्यूथरही इथे अडखळला होता. १५२२ मध्ये त्याने याकोबाच्या पत्राला चक्क गवताचे पत्र म्हटले. मला ते पटत नाही. आपली मंडळी इफिसकरांस पत्रातले २:८-९, म्हणजे तारण कृपेने, कर्मांनी नाही, हे तोंडपाठ म्हणतात आणि दहाव्या वचनाआधी थांबतात. तिथे पौलच सांगतो की, सत्कृत्ये करण्यासाठी आपल्याला निर्माण केले आहे.

प्रश्न क्रमाचा आहे, आणि तो क्रम जक्कयाच्या गोष्टीत दिसतो. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत आणि लोकांच्या मनातून उतरलेला. गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावून म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. "आधी पैसे परत कर, मग येतो" असे म्हणत नाही. लोक कुरकुरतात. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट. नियमशास्त्राप्रमाणे फसवणूक कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला की भागत असे. चौपट भरपाई मेंढरू चोरून ते कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला होती. म्हणजे जक्कयाने स्वतःला चोराचा दंड लावून घेतला, कोणी मागितला नसताना. मग येशू म्हणतो, "आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे."

पाहुणा आधी आला, तिजोरी नंतर उघडली. पण उघडलीच नसती तर पाहुणा आल्याचे कोणी मानले असते? याकोब एवढेच विचारतो. याच वादावर कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघ यांनी १९९९ मध्ये आउग्सबुर्ग इथे मतैक्याच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळ्यांना त्याची खबर नाही.

प्रश्न : येशूशेजारी वधस्तंभावर असताना तारण मिळालेल्या चोराने तर काहीच केले नाही.

त्याला वेळच नव्हता. तुम्हाला आहे.

प्रश्न : बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षे झाली. रोज प्रार्थना करते, तरी राग जात नाही, सुनेवर ओरडते. माझे तारण खोटे का? – एक भगिनी, अहिल्यानगर

नाही, ताई. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल कळवळून लिहितो, जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही. मार्क या सोबत्याला बरोबर न्यायचे की नाही यावरून त्याचे आणि सहकारी बर्णबाचे इतके बिनसले की दोघे दोन वाटांना गेले. प्रेषितांचे भांडण, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकाने ते झाकले नाही! तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात मात्र पौल कळवतो की, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधे बरीच वर्षे गेली. पवित्रीकरण, म्हणजे विश्वासणाऱ्याचे हळूहळू बदलत जाणे, असे चालते. मात्र पौलाचा दाखला देऊन ओरडणे चालू ठेवू नका. आज ओरडलात तर आजच सुनेची क्षमा मागा, तीही स्वयंपाकघरात, तिच्यासमोर. नुसती देवाजवळ मागून तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : येशूवर विश्वास ठेवला आहे. घरचे म्हणतात, आता नाव, भाषा, सगळेच सोडणार का? – एक वाचक, सोलापूर

हा वाद मंडळीत पहिल्याच पिढीत झाला. परराष्ट्रीयांनी सुंता करून आधी यहूदी व्हावे असा काहींचा आग्रह होता. यरुशलेमेत बैठक बसली, आणि ते जोखड लादायचे नाही असे ठरले. मूर्तीचा प्रसाद, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहा, एवढेच कळवले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगांतच मांडली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये. दरम्यान बाईंच्या मनातला जातिभेद गळून पडला, आणि सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. नाव टिळकच राहिले, भाषाही मराठीच. घरच्यांना प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा, वाचून दाखवा.