सोलरमध्ये यायचंय ना, मग दुरुस्ती शिक

तुझा मेसेज दोनदा वाचला गं. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालं, घरचे म्हणतात पोलीस भरतीचा फॉर्म भर, बरोबरच्या मुली पुण्याला कंपनीत निघाल्या, आणि तुला मोबाईलवर सारख्या ग्रीन जॉबच्या जाहिराती दिसतायत, तर यात खरंच काही दम आहे का असं विचारलंस. आहे. पण जाहिरातीत दाखवतात तिथे तो फारसा नाहीये, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

तुमच्या साक्रीकडच्या लोकांना सोलर काही नवीन नाही, शिवाजीनगरचा महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्लांट 2013 पासून तिथे आहे. आता असा मोठा प्लांट कुठेही घे, उभा करताना भरपूर माणसं लागतात, पाया, स्ट्रक्चर, केबल, सगळं हातानं करावं लागतं, पण एकदा चालू झाला की मोजकी टेक्निशियन मंडळी, धुणारे, गवत काढणारे आणि वॉचमन एवढंच उरतं. म्हणून तिथेच चिकटायचं असं डोक्यात धरू नकोस. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा-पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी मागे हिशोब केला होता, की एका मेगावॅटमागे मोठ्या प्लांटपेक्षा छतावरच्या सोलरमध्ये साधारण सातपट रोजगार निघतो. कारण सरळ आहे, प्रत्येक छत वेगळं, कुठे टाकी आडवी येते कुठे शेजारच्याचं झाड, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जाऊन मापं घ्यायची, वर चढायचं, वायरिंग करायची, महावितरणचं नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, होईपर्यंत मागे लागायचं.

आणि हे काम आता आपल्या दारात आलंय. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, टार्गेट 1 कोटी घरं, 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी. शेतात बघ, मागेल त्याला सौर कृषी पंप, शेतकऱ्यानं 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के, बाकी सरकार. त्या योजनेत एक अट आहे ती नीट लक्षात ठेव, पंप बसवणाऱ्या कंपनीवर 5 वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते. म्हणजे मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, पंप ड्राय रनवर, म्हणजे पाण्याविना फिरून, ट्रिप झाला आणि शेतकऱ्यानं फोन केला, तर कुणीतरी त्याच्या बांधावर जायलाच पाहिजे, आणि लांबच्या शहरात बसलेला इंजिनिअर काही त्यासाठी उठून येणार नाही. मला वाटतं तुझी नोकरी नेमकी इथे आहे. बसवणारे खूप झालेत, चालू ठेवणारी माणसं हवीत, पॅनल 25 वर्षं टिकतं पण कंट्रोलर, कनेक्टर, अर्थिंग, उंदरानं कुरतडलेली केबल यांचं तसं नसतं ना.

शिकायचं काय ते सांगतो. तुला एसी, म्हणजे घरच्या लाइनचा करंट, येतं, आता डीसी, म्हणजे पॅनलमधून निघणारा करंट, पक्कं कर. 550 वॅटची सहा पॅनल सिरीजमध्ये जोडली की उघड्या टोकांना 300 व्होल्टच्या आसपास येतात, आणि डीसीचा आर्क एसीसारखा स्वतःहून लवकर विझत नाही, म्हणून लोड चालू असताना एमसीफोर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडणारा कनेक्टर, ओढायचा नाही, कध्धीच नाही, समोर कितीही घाई असली तरी. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणि वायरचं इन्सुलेशन तपासणारा मेगर हातात घेऊन रीडिंगचा अर्थ लावता आला पाहिजे. इन्व्हर्टरचे एरर कोड वहीत लिहीत जा. पॅनल भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकून धुवायचं नाही, सकाळी लवकर धुवायचं, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग बसतात तेही गिऱ्हाईकाला सांगायचं. अजून एक, मे महिन्यात गिऱ्हाईक हमखास विचारतं की ऊन एवढं आहे तर युनिट कमी का, तेव्हा त्याला समजावता आलं पाहिजे की पॅनल 25 डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला साधारण 0.35 टक्के पॉवर उतरते, खानदेशातल्या उन्हात पॅनल 65 ला गेलं तर 14 टक्के तिथेच गेले. हे शांतपणे सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास टाकतात आणि पुढच्या चार घरांना त्याचाच नंबर देतात.

कोर्सबद्दल विचारलंस. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं सूर्यमित्र प्रशिक्षण 2015 पासून आहे, 600 तासांचं, फी नाही, आयटीआयवाल्यांसाठीच आखलेलं, तर बॅच कुठे चालू आहे ते आधी फोन करून विचार. ग्रीन जॉबसाठी वेगळी स्किल कौन्सिलसुद्धा त्याच वर्षी झाली, सर्टिफिकेटवर तिचा शिक्का आहे का बघ. नोकरीची गॅरंटी म्हणून कुणी तीस चाळीस हजार मागत असेल तर सरळ नाही म्हण.

नोकरी धरताना लाजू नकोस. जॉइनिंग लेटर, पीएफ, अपघात विमा आणि उंचीवर अंगाला बांधायचा पट्टा म्हणजे सेफ्टी हार्नेस, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी विचार. पर किलोवॅट पैसे देतो म्हणणारे भेटतील, दोर न बांधता पत्र्यावर चढवणारेही भेटतील, तिथे थांबायचं नाही. काम पर्यावरणाचं आहे म्हणून माणसाचा जीव स्वस्त होत नाही, याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी हे फार आधी दाखवून दिलंय, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही युनियन उभी केली, पालिकेची ओळखपत्रं मिळवली, मग स्वच्छ ही स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था, आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक घरोघर जाऊन कचरा गोळा करून वेगळा करतात. ग्रीन जॉब म्हटलं की मला आधी त्या आठवतात, पॅनल नंतर.

त्यावरून आठवलं, फुटलेलं पॅनल भंगारात किंवा नाल्यात जाऊ देऊ नकोस. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलही धरलंय, कंपनीला परत घ्यायला सांग, सिरीयल नंबर लिहून ठेव. नाहीतर आपण कोळशाचा धूर कमी करायचा आणि काचेचा ढीग गावाला द्यायचा, असं होईल.

आईला उंचीवर चढायची भीती वाटते म्हणालीस, तर तिला एकदा साइटवर घेऊन ये, हार्नेस कसा लावतात ते तिनं स्वतः बघू दे. वडिलांना सांग भरतीचा फॉर्मही भर म्हणतायत तर भरते, पण त्या निकालाची वाट बघत वर्ष रिकामं घालवणार नाही. आणि या आठवड्यात एवढं कर, तुझ्या गावात किती सौर पंप बसलेत आणि त्यातले बंद किती, त्याची यादी काढ, कुठल्या कंपनीचा, काय बिघाड, किती दिवसांपासून, सगळं लिही. ती यादी बायोडाटाला जोडून मला पाठव, कुणाला दाखवायची ते मी बघतो.